कडी लाव गं, इंदे

…हसा, हसून घ्या! रेक्टरबाईंच्या दाराला तीन कड्या, आत म्हणे सोनं पुरलंय! सोनं कसलं हो, एक स्टोव्ह, दोन पातेली आणि मी. त्यातला चोरण्यासारखा एक स्टोव्ह, तोही भडकतो. आणि तुम्हाला सांगते, मी हौसेनं लावत नाही कड्या. खोलीत पाऊल टाकलं की कानामागून आवाज येतो… "कडी लाव गं, इंदे." मालनचा. मालन म्हणजे माझी… ट्रेनिंग कॉलेजात आम्ही एका खोलीत होतो, एवढंच म्हणते सध्या. जाऊन वीस वर्षं झाली तिला. माणसानं जाताना आपला आवाज तरी बरोबर न्यावा की नाही? बाकी सगळं नेलं आणि आवाज तेवढा माझ्याकडे ठेवून गेली!

तर गेल्या मार्चात, भरदुपारी, परीक्षा तोंडावर, आणि मी वसतिगृहात फेरीला निघालेली. कोण वाचतंय, कोण घोरतंय… शेवटच्या खोलीचं दार ढकललं, तर आत चांगुणा आणि लीना. दोघी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या. चांगुणा अकोले तालुक्यातल्या शेतकऱ्याची, डोंगरात वाढलेली, तिनं इथं हाक मारली की पार गावाबाहेर केडगावात माणूस वळून बघणार. आणि लीना श्रीरामपूरच्या कोर्टातल्या कारकुनाची, हजेरीला 'प्रेझेंट' म्हणाली की हमखास गैरहजेरी लागणार! आता आत काय पाहिलं ते मी सांगणार नाही. पुस्तक उघडं होतं, हे खरं. पण अर्थशास्त्राचा अभ्यास एकमेकींच्या गालाला गाल लावून करत नाहीत, एवढं मला कळतं. कसं कळतं? अहो, मीही एके काळी तसाच अभ्यास केलाय ना!

पटकन दार ओढून घेतलं. आणि तोंडातून काय निघावं? "कडी लावा गं!" शब्दही तिचे आणि सूरही तिचा…

संध्याकाळी दोघी आल्या. लीना पांढरीफटक, चांगुणा पदराचा बोळा करतेय. "बाई, घरी कळवू नका. दादा आसंबी जूनमधी माजं लगीन लावणार हायत. तिचंबी बघत्यात. कुटं लांब लांब फेकत्याल आमाला, बाई…" अशा वेळी शहाणी रेक्टर काय करते? उपदेश करते, पालकांना बोलावते. मी काय विचारावं? "टायपिंग येतं का?"

अहो, खरंच! त्या दोघी माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय. पण मला सांगा, हातात पगार नसेल तर मुलगी 'नाही' कुणाला म्हणणार? आणि पगार तरी एकीला संगमनेरला आणि दुसरीला जामखेडला मिळून काय उपयोग? दोन नोकऱ्या, एक गाव, जूनच्या आत. दुष्काळाचं साल, शाळेतली पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली, आणि ही बाई दोन मास्तरणींच्या जागा शोधतेय! लोकांना वाटलं, रेक्टरीणबाईंना ऊन लागलं.

एका शाळेत म्हणाले, "जागा एकच आहे." एका बँकेतल्या साहेबांनी तर चष्मा नाकावर घेतला, "मिस, तुम्ही लग्न करून जाणार, मग आम्ही काम शिकवायचं कशाला?" चांगुणा ताडकन म्हणाली, "मला लगीनच न्हाई करायचं!" साहेब दचकले. "का? काही आजार वगैरे?" झालं! लग्न करणार तरी नोकरी नाही, नाही करणार तरी नाही. मग मीच डोक्याला टॉवेल गुंडाळून चेअरमन झाले आणि तालीम घेतली. "लग्नाचं विचारलं तर काय म्हणायचं?" लीना पुटपुटली, "तूर्त विचार नाही." "मोठ्यानं!" "तूर्त…" "अगं, मोठ्यानं!" तर पलीकडून चांगुणा ओरडली, "तिचा तूर्त विचार न्हाई!" आणि रोज परत खोलीत गेले की आहेच… "कडी लाव गं, इंदे." लावते गं बाई, आधी यांचं तर लागू दे!

शेवटी भेटले काकासाहेब. खेड्यापाड्यांत शाळा काढलेल्या त्यांनी, मिशा अशा की समोरच्यानं वाकून बोलावं. म्हणाले, "बाई, खरं सांगू का? एकटी पोरगी खेड्यात ठिवायची म्हंजी जिवाला घोर. मागली बाई म्हैन्यात पळाली. मला सोबतीची पायजे."

मी म्हटलं, "सोबत? सोबतीसकट देते की! दोघी आहेत."

"एका खोलीत ऱ्हातील?"

"राहतील."

"भांडनार न्हाईत?"

"भांडल्या तरी मिटवतील हो."

"आन् लग्नाचं?"

लीनानं घसा साफ केला आणि, तुम्हाला सांगते, अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "तूर्त विचार नाही!"

"लई ब्येस!" काकासाहेबांनी मांडीवर थापच मारली. "लगीन झालं का बाया जात्यात. अशीच जोडी हुडकीत हुतो मी!"

जोडी! मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं मला आनंदानं भरून आलं. आलंच होतं. मग गाव विचारलं. म्हणाले, "शिंगनापूर."

…हं, हसलात ना? तुम्हाला कळलं. मला नाही कळलं! जूनमध्ये एस.टी.नं ट्रंका घेऊन पोचवायला गेले तेव्हा कळलं. खोली छान, शेणानं सारवलेली, कोनाडे, चूल… आणि चौकट. नुसती चौकट! मी दार शोधतेय, भिंतीमागं, पडवीत… घरमालकीण छबूबाई म्हणाली, "बाई, काय सांडलं का?"

"दार कुठंय?"

"शनिदेवाचं गाव हाय. हितं कुनाच्याच घराला न्हाई. कुत्र्यापायी फळी लावा रातीला. चोरी न्हाई हुयाची."

"अहो, चोरीचं कोण बोलतंय!"

"मंग?"

आता या 'मंग'ला काय उत्तर देऊ? आणि कानामागं मालन नुसती आकांत करतेय, कडी लाव, कडी लाव, इंदे! अगं, कशाला लावू, चौकटीला? मी पोरींना म्हटलं, चला परत. तर चांगुणानं ट्रंकेतून आईचं जुनं लुगडं काढलं आणि चौकटीत टांगलं. "बाई, तुमी जावा. सांजची गाडी चुकंल."

दिवाळीपर्यंत माझा डोळ्याला डोळा नाही. मग गेले, म्हटलं, काय झालं असेल ते बघू. ओसरीवर बसलेय तर छबूबाई आली, हातात ताक. पार लिंबापाशी उभी राहिली, तोंड पलीकडे फिरवून. "चांगुनाबाईऽ, येऊ का?" आतून लीना, आमची लीना हो, खणखणीत म्हणाली, "थांबा जराऽ!" आणि ती थांबली! ताक घेऊन, कावळे बघत, निवांत. मी विचारलं, "पडदाच तर आहे, जात का नाही?" तर माझ्याकडेच विचित्र बघितलं तिनं. "आवो, दार न्हाई म्हून काय कुनीबी शिरायचं व्हय?"

तिथं बसून मला मालनचा भाऊ आठवला, राधाकृष्ण. असाच दुपारचा आला होता, डब्यात लाडू घेऊन. त्यानं काही पाहिलं नाही हो, शपथेवर सांगते. त्यानं फक्त कडी वाजवली. आम्ही उघडेपर्यंत जरा वेळ लागला, आणि तो एवढंच म्हणाला, "भरदुपारी कडी कशाला?" बस्स. आठ दिवसांत तिला घरी नेली, पंधरवड्यात लग्न, वर्षाच्या आत बाळंतपणात गेली. आणि ही अजून मला सांगतेय, कडी लाव!

परत आले. म्हटलं, उद्या सुतार बोलवायचा आणि तिन्ही कड्या उपटून टाकायच्या. आलाही तो, पटाशी घेऊन. पहिल्या खिळ्याला हात घातला, आणि मी म्हटलं, "राहू दे रे बाबा. चहा घे आणि जा."

कारण मनात आलं… कड्या काढल्या आणि मालन निघून गेली तर?

म्हणून लावते हो. हसा.