अगदी खरं पोट

विनिपेगच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक नवरा-बायको बोलत होते.

“गेममधल्या त्या बाईचं पोट जेलीसारखं हलायचं गं, ब्रियाना. गेमचं रूप बदलणारे लोकांनी बनवलेले तीन मॉड बदलले, वजन वाढवलं, उसळी कमी केली, छे! शेवटी खरं पोट बघून मीच मॉड बनवला.”

“कुणाचं पोट?”

“तुझंच की! ऑपरेशनच्या टाक्यांपाशी घट्ट, बाकी हलणारं. अगदी तस्संच.”

“ड्वेन! नेटवर नाही ना टाकलास?”

“अकरा हजार जणांनी उतरवून घेतलाय!”

“अरे देवा! काय म्हणतात?”

“खूश आहेत. टाक्यांपाशी हलत नाही, तेवढी चूक आहे म्हणतात.”

“मग सांगितलंस ना, ती चूक नाही म्हणून?”

“कालच दुरुस्त केली.”