आईची जागा

शवागाराबाहेर बहीणभाऊ हमरीतुमरीवर आले होते. शववाहिकेचा ड्रायव्हर पायरीवर बसून कान देऊन ऐकत होता.

“गाव म्हणतंय, आईनं येशूला सोडलं होतं एवढं सांगा, मग गावच्या मसणवटीत बाबांशेजारी पुरू देतो.”

“आणि तू मान डोलावलीस?”

“ताई, तू सासरी निघून जाशील. मला त्याच गावात राहायचंय.”

“प्रार्थना करते म्हणून घरावर दगड मारले, तेव्हा तिनं सोडलं नाही. आता मेल्यावर तिच्या तोंडी खोटं घालायचं?”

“मग इथंच शहरात पुरू, गुपचूप.”

“गुपचूप कशाला? चोरी केलीय तिनं?”

“गावची वाट अडवून बसलेत लोक.”

“बसू देत. आईला समोर ठेवून मीही बसते.”

ड्रायव्हर उठला.

“ताई, माझी गाडीही तिथंच उभी राहील. चला, आईंना उचलू.”