‘गुड’मध्ये काय वाईट होतं?

नाही, पण मला एक सांगा, ‘गुड’मध्ये काय वाईट होतं? अकरा वर्षं, तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी हॉटेलच्या धुलाईखात्याचा मुकादम आहे, तळघरात माझ्या हाताखाली नऊ माणसं, आणि दरवर्षी वरून तो फॉर्म आला की मी नऊच्या नऊ नावांपुढे ‘गुड’ लिहायचो, सही ठोकायचो आणि चहाला जायचो. कुणाची तक्रार नाही, रुसवा नाही, फुगवा नाही! चादरी पांढऱ्या निघत होत्या, उशांचे अभ्रे मोजून वर जात होते... सगळं कसं गुड चाललं होतं.

आणि मग आले नवे साहेब. बोलणं एवढं मऊ की माणूस ओरडतोय हे घरी गेल्यावर कळतं. मला वर बोलावलं, अकरा वर्षांचे फॉर्म समोर पसरले आणि म्हणाले, “मुकादम, हे काय? सगळे गुड? अहो, गुड तर मॉर्निंगसुद्धा असते! प्रत्येक माणूस वेगळा असतो. यंदा प्रत्येकासाठी एकच इंग्रजी शब्द. आणि हे बघा... कुठलाही शब्द दोनदा नाही.”

दोनदा नाही! नऊ माणसं, नऊ शब्द! अहो, मला इंग्रजीत चांगल्याला गुड म्हणतात आणि फारच चांगल्याला व्हेरी गुड म्हणतात, एवढंच ठाऊक. त्यात व्हेरी गुड म्हणजे दोन शब्द, म्हणून तेही बाद. झालं का माझं भांडवल संपून?

घरी गेलो, लेकीला म्हटलं, “बाळा, तुझ्या त्या फोनमध्ये बघ गं, गुडला काय काय म्हणतात.” तिनं धडाधडा सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत सुटलो. चादरींच्या घड्या घालणारा लांब्या यादीत पहिला, त्याला गुड देऊन टाकलं. डाग काढणाऱ्या मावशींना एक्सलंट, कारण त्यांना घाबरतो मी. मशीनवाल्या दादांना डीसेंट. टॉवेल मोजणाऱ्या नणंद-भावजया, एकीला नाइस, एकीला फाइन. मग सुपर्ब झालं, ग्रेट झालं, प्लेझंट झालं... आणि राहिली शेवटची. वाफेच्या इस्त्रीवरची.

आता ही वाफेच्या इस्त्रीवरची म्हणजे कोण? आमची ही! हो, बायको माझी! माझ्याच खात्यात, माझ्याही आधीपासून, एकोणीस वर्षं. घरचं माणूस म्हणून मी तिला शेवटी ठेवलेलं, उगाच कुणी म्हणायला नको, मुकादमानं बायकोला आधी वाढलं. पण शेवटपर्यंत आलो तर भांडं रिकामं! लेक जांभई देत म्हणाली, “बाबा, ॲडिक्वेट घ्या.” “म्हणजे काय गं?” “पुरेसं.” मी म्हटलं, वा! पुरेसं म्हणजे चांगलंच की! आपल्याला आयुष्यात पुरेसं काय मिळतं? झोप पुरेशी नाही, घरात कपाट पुरेसं नाही, बायको मात्र पुरेशी आहे, ही काय लहान गोष्ट झाली? लिहिलं. सही केली. झोपलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादी फळ्यावर लावली. फळ्यावर, अहो! तळघरात मशिनं बंद आणि माणसं सुरू. मशीनवाले दादा आले, “मुकादम, मी डीसेंट? म्हणजे मी आचरटपणा करतो असं कुणी तुम्हाला सांगितलं होतं का?” नणंद-भावजयांचं वेगळंच. नणंद म्हणे, नाइस मोठं. भावजय म्हणे, “नाइस तर पडद्यालाही म्हणतात!” नणंद म्हणे, “आणि फाइन? ताप उतरल्यावर म्हणतात ते!” तीन दिवस दोघींचं बोलणं बंद, टॉवेल मोजायला दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यात, आकडे काही जुळेनात. मी मधे उभा, घसा सुकला ओरडून, अरे सगळे चांगलेच आहात रे! अकरा वर्षं नऊ जण गुड होते तेव्हा सगळे सारखे होते. ‘गुड’मध्ये काय वाईट होतं?

आणि आमची ही? घरी चहा मागितला. अर्धा कप आला. मी कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाली, “पुरेसा आहे ना?” जेवायला बसलो, ताटात एक पोळी. “पुरेशी आहे ना?” पांघरूण मागितलं तर गुडघ्यापर्यंत येणारं! लेक तोंड दाबून हसतेय... अगं, शब्द कुणी दिला होता?

इथवर मी सहन केलं असतं. पण तिसऱ्या दिवशी साहेब खाली आले आणि मऊ आवाजात म्हणाले, “वर रफूच्या खोलीतली जागा रिकामी होतेय. कुणाला पाठवायचं ते मी या शब्दांवरूनच ठरवणार.” ती खोली, तुम्हाला सांगतो, चौथ्या मजल्यावर आहे. एक खुर्ची, एक टेबल आणि एक खिडकी. खिडकी हो! एकोणीस वर्षं ही बाई वाफेत उभी आहे, ऊन पडलंय की पाऊस हे हिला छत्री घेऊन आलेल्या माणसाला विचारावं लागतं. शिवण अशी की फाटलं कुठं होतं ते शोधून दाखवा. तिनं आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. “मला बसून काम करायचंय आणि बाहेर बघायचंय,” एवढंच. आणि मी काय लिहून बसलो? ॲडिक्वेट! लाज वाटली हो मला, खरंच वाटली.

धावत वर गेलो. “साहेब, एक शब्द बदलायचाय.” साहेब म्हणाले, “बदला की. पण दोनदा नाही. कुणाचा तरी घ्या, तुमचा त्याला द्या.” म्हणजे अदलाबदल! मी ‘ॲडिक्वेट’ हातात घेऊन खातंभर फिरलो. मावशींनी एक्सलंट लिहिलेला कागद घरी आरशाला चिकटवला होता, त्या कसल्या देतायत! सुपर्बनं व्याह्यांना कळवलं होतं. ग्रेट तर माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागला होता. शेवटी लांब्या. घडी घालता घालता म्हणाला, “घ्या की मुकादम. चादरीला काय माझा शेरा वाचता येतो?” मी त्याला मिठी मारली, चादरीसकट.

बायकोपुढे गुड! संध्याकाळी घरी चहा आला, कप काठोकाठ. मी मनात म्हटलं, सुटलो.

सोमवारी फळ्यावर कागद लागला. रफूच्या खोलीत बदली... लांब्या! लांब्या, ज्याला सुईत दोरा ओवायला दोन माणसं लागतात! मी साहेबांकडे गेलो, अक्षरशः हात जोडले. साहेब मऊ हसले. “मुकादम, गुड माणूस मी वाफेवरून हलवला तर खालचं काम कोण करणार? एक्सलंट, सुपर्ब, ग्रेट यांना तर मी जन्मात सोडणार नाही. वर काम थोडं असतं. तिथं ॲडिक्वेट माणूस ॲडिक्वेट आहे.”

म्हणजे खिडकी तिच्या नावावर लागलेली होती, आणि मी स्वतः धावत जाऊन ती काढून आणली!

आता लांब्या वर खुर्चीत बसून बाहेर बघतो, आणि जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन हिला सांगतो, आज ढग होते, वहिनी. ती ऐकून घेते. परवा अर्धा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “अहो, पुढच्या वर्षी शब्द मी सांगेन. माझ्यापुढे ‘बॅड’ लिहा.”

मी म्हटलं, “अगं, बॅड? कशाला?”

म्हणाली, “नुसत्या ॲडिक्वेटला खिडकी मिळते. बॅडला गच्ची मिळेल.”