ग्रेपफ्रूट नको म्हणाला, तिथेच!

तुम्हाला सांगते, नवरा हातातून जायला लागला की आधी काय सोडतो? ग्रेपफ्रूट! हसू नका. इंग्लंडात, ब्रॅकनेलला आल्यापासून आमचा परीक्षित रोज सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट साखर पेरून खातो, आणि काल मी बशी पुढे केली तर म्हणे, "आज नको गं." नको? का नको? तेवढ्यात टोस्टरमधून ब्रेड उडाला आणि त्याच्याबरोबर मीपण! मी संशयी नाहीये हं, पण रोजचं फळ सोड म्हणून कुणीतरी सांगावं लागतं ना? मी तर नव्हतं सांगितलं!

मग कुणी? कस्तुरीने! त्याच्या केंब्रिजच्या ऑफिसातली. ती म्हणे रोज पळते, ती म्हणे भाताला शिवत नाही. "कस्तुरी ना, एकदम सॉर्टेड आहे," हे तो मला सांगतो... मला! जिला साधं सरकारी ब्राउन पाकीट आलं तरी वाटतं, झालं, व्हिसा गेला! आदल्याच रात्री तिच्यावरून आमचं वाजलं होतं. हा पलंगाच्या कडेला डोकं धरून बसलेला, तोंड लालबुंद. मी म्हटलं, "बघ, नुसतं नाव काढलं तर कसा लाजतोयस!" आणि पाठ फिरवून झोपले.

तर काल तो केंब्रिजला गेला आणि मी त्याची जीन्स घेतली. धुवायला हो! मी संशयी नाहीये. खिशात खोकं. सिल्डेनाफिल. पुरुषांच्या त्या निळ्या गोळ्या! आणि त्यातली एक गायब! आता घरी कित्येक महिने कडक उपास चाललाय, मग ही फराळाला गेली कुठे?

लावला फोन कोपऱ्यावरच्या फार्मसीत. "माझ्या नवऱ्याने ही सिल्डेनाफिल कुणासाठी घेतली?" पलीकडून मधाळ आवाज, "सो सॉरी, दुसऱ्या कस्टमरबद्दल नाही बोलता येत." म्हटलं, "कस्टमर राहू दे, ग्रेपफ्रूटचं काय?" तर म्हणते, "ओह, ते टाळाच, गोळीचा असर वाढतो. तशीही डोकेदुखी होते, चेहरा लाल होतो..."

डोकं. लाल. आदल्या रात्री! म्हणजे ती गोळी... माझ्यासाठी? आणि मी पाठ फिरवून घोरले?

इतकी लाजले म्हणून सांगू... तेवढ्यात फोन थरथरला. परीक्षितचा मेसेज. 'छातीत जड वाटतंय. ॲसिडिटी असेल. आईने दिलेली जिभेखाली धरतो.'

आई म्हणजे माझ्या नागपूरच्या सासूबाई. सासऱ्यांच्या हृदयाची गोळी त्या इकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कोंबतात. "असू दे न बाप्पा, छातीत दुखलं का जिभेखाली धराची, डॉक्टरची गरजच नाही!" फार्मसीवाली अजून लाइनवरच होती, तिला मेसेज वाचून दाखवला, सासऱ्यांच्या हृदयाच्या गोळीचं आणि परीक्षितच्या रात्रीच्या गोळीचं सांगितलं, तर मध सगळा उडाला! "नायट्रेट? नो नो नो! कालच्या गोळीवर आज ती घेतली तर ब्लडप्रेशर धाडकन कोसळेल, जिवावर बेतेल! आम्ही विचारतो ना, हार्टचं काही घेता का म्हणून!" अहो, तो नाहीच म्हणाला असणार. आईने दिलेलं आपल्यात औषधात धरतात का? "त्याला थांबवा, नाइन नाइन नाइनला फोन करा, आणि दोन्ही गोळ्यांचं सांगा!"

परीक्षितला फोन... उचलत नाही. पुन्हा... नाही! आता ॲम्ब्युलन्सला पत्ता काय देऊ? केंब्रिजात एक मराठी माणूस छाती चोळत बसलाय, शोधा? तो कुठल्या बिल्डिंगमध्ये, कितव्या मजल्यावर, हे अख्ख्या इंग्लंडात एकाच बाईला ठाऊक. तिचा नंबर माझ्याकडे कसा? असतो! मी संशयी नाहीये, नुसता असावा म्हणून असतो!

रिंग जातेय... जातेय... उचल गं बाई...

"हाय उल्का! बोल ना, परीक्षित इथे माझ्या शेजारीच आहे."

शेजारीच! वर्षभर ज्या वाक्याने माझी झोप उडवली, ते ऐकून मी हात जोडले हो! म्हटलं, "कस्तुरी, माझी आई, आधी त्याच्या तोंडात बोट घाल आणि गोळी बाहेर काढ! का ते... आता तेही तुलाच सांगते."