तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सर्व शिक्षकवृंद, माझ्यासारखेच कामावरून धावतपळत आलेले पालक, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या भाषेच्या बाई. इथवर मी पाठ करून आलो होतो. पुढचं काहीच पाठ नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. पालकांच्या वतीनं बोलायला मला कोणी सुचवलं, हे मी मुख्याध्यापिकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं." का सुचवलं, ते त्यांना माहीत नाही. मला तर मुळीच नाही. मुलगी समोर बसली आहे, पण आत्ता तिला विचारायची सोय नाही.

बाईंनी यंदा शेवटच्या वर्गाला मोठं होण्याच्या गोष्टी शिकवल्या. गोष्ट वाचायची, पात्रं ओळखायची, संघर्ष कोणाचा कोणाशी ते शोधायचं, आणि लिहिणारा एक बोलून दुसरंच काय सांगतोय ते बघायचं. त्याला अलंकारिक भाषा म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी प्रत्येकानं स्वतःची एक गोष्ट लिहायची आणि वहीवर पालकांची सही आणायची. आता मी वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही. धंद्याची सवय. म्हणून वाचली.

गोष्टीतली मुलगी लिफ्टमध्ये अडकलेली. "तिसरा मजला सुटला, चौथा आला नाही. वर्ष झालं, मी मधेच आहे. घंटा वाजवते. बाहेरून लोक येतात-जातात, कोणालाच ऐकू जात नाही." तुम्हीच सांगा, लिफ्टवाल्या बापानं हे वाचून काय करायचं? आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि त्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे! वर्ष वगैरे तिनं वाढवून लिहिलं असेल, पण कधीतरी पंधरा मिनिटं अडकली असणार आणि घंटा वाजली नसणार, असं मी धरून चाललो. हत्यारांची पिशवी घेऊन खाली गेलो. घंटेची बॅटरी खरंच उतरली होती, बरं का. नवी बसवली, तीनदा वाजवून बघितली. वर येऊन वहीवर सही केली आणि लेकीला म्हटलं, "घंटा दुरुस्त केली गं. आता पार गच्चीपर्यंत ऐकू जाते."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, बॅटरी उलटी बसवली की काय! मग वही उचलून आत गेली. पुढचे दहा दिवस आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" "हो." बस्स. त्याच दिवसांत मी तिच्या पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरून ठेवला होता, माझ्याच धंद्याच्या तांत्रिक अभ्यासक्रमाचा. फोटोसुद्धा चिकटवला. फक्त तिची सही बाकी. मी तो रोज टेबलावर ठेवायचो, ती रोज उचलून कपाटावर ठेवायची. तिच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही निस्तरा."

आणि मग बाईंचं बोलावणं आलं. त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. गुडघे मावेनात. वही पुढे ठेवून म्हणाल्या, "यातली पात्रं सांगा." म्हटलं, एक मुलगी आणि एक लिफ्ट. "संघर्ष कोणाशी?" म्हटलं, देखभाल करणाऱ्याशी. हसा, हसा. बाई मात्र हसल्या नाहीत. पान उलटून म्हणाल्या, "हे तिनं नंतर वाढवलंय."

"शेवटी मेकॅनिक आला. मला वाटलं, आता दार उघडेल. त्यानं घंटा तपासली. म्हणाला, आता छान वाजते. आणि गेला."

मी भडकलोच. म्हटलं, बाई, असा मेकॅनिक असूच शकत नाही! आत माणूस असेल तर आम्ही आधी त्याच्याशी बोलतो. मी आलोय, घाबरू नका, कसे आहात, असं विचारतो. मशीनला हात नंतर. पंचवीस वर्षांत मी असं कोणाला टाकून गेलेलो नाही. कोण आहे हा माणूस? बाई उठून वर्गाच्या खिडक्या लावायला लागल्या, सावकाश, एकेक करून. शेवटच्या खिडकीपाशी पोचेपर्यंत मला कळलं होतं तो कोण. फार वाईट वाटलं हो.

मी विचारलं, "पण ती अडकलीय कशात?" बाई म्हणाल्या, "ते तिलाच विचारा." म्हटलं, तुम्ही भाषा शिकवता, तुम्हालाही कळत नाही? म्हणाल्या, "थोडं कळतं. पण मला कळून काय उपयोग?" अहो बाई, एवढी वर्षं मुलांना उत्तरं सांगितलीत, मला एक सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

घरी गेलो. तिच्या खोलीबाहेर उभा राहिलो आणि जे येतं तेच बोललो. "मी आलोय. घाबरू नकोस. कशी आहेस?" आतून आवाज आला, "बाबा, दार उघडंच आहे." आत गेलो. तिनं विचारलं, "गोष्ट कळली?" म्हटलं, "मेकॅनिक कळला. बाकी सगळं डोक्यावरून गेलं." ती हसली की रडली, तेही मला धड कळलं नाही. विचारलं, "तो अर्ज नकोय का तुला?" "माहीत नाही." "मग काय हवंय?" "तेही माहीत नाही." "अगं, मग नीट सांग तरी!" तर म्हणाली, "सांगता आलं असतं तर लिहिलं असतं का?"

त्या अर्जाची शेवटची तारीख काल होती. मी तो दिला नाही. हे तिला ठाऊक नाही, आत्ता इथंच पहिल्यांदा बोलतोय. काल मला वाटलं, मोठं शहाणपण केलं. आज इथं उभं राहिल्यावर लक्षात येतंय, की अर्ज भरताना तिला विचारलं नव्हतं, आणि न देतानाही विचारलं नाही. म्हणजे मी पुन्हा घंटाच दुरुस्त केली का? बाई, तुम्ही निवृत्त होताय, आता मी कोणाच्या वर्गात जाऊन बसू?

तर बाई, तुम्ही मला त्या बाकावर बसवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं सोडून द्यावं. लेकीनं मात्र सोडून देऊ नये. घरी चल आणि माझं काय काय चुकलं ते सांग. नाही सांगता आलं, तरी मी उठून जाणार नाही.