बाबांचं उन्हाचं घड्याळ

…नाही, तुम्हीच सांगा, घड्याळ शोधायला बसलेल्या बाईला वेळेचं भान राहू नये, ह्याला काय म्हणावं? तुम्हाला सांगते, आमचे बाबा घड्याळजी. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं सरळ केली, आता हात थरथरतो, दुकान बंद, म्हणून एका जुन्या शाळेनं काढून टाकलेलं दगडी सूर्यघड्याळ आणून अंगणात मांडलं. आणि मांडलं म्हणजे काय… मनगटावरचं घड्याळ बघून तो दगडच फिरवून फिरवून लावला! घड्याळजीच ना शेवटी! सकाळी नऊला जुळवला की चारला बिघडतो, चारला जुळवला की नऊची बोंब. मग एवढंसं तोंड करून म्हणतात, "हात गेला गं माझा…" मला नाही हो बघवत ते!

म्हणून म्हटलं, इंटरनेटवर बघू, जुन्या काळी कसं लावायचे. तर 'सूर्यघड्याळ' लिहिलं की मनगटी घड्याळं, तीही सवलतीत! 'प्राचीन' जोडलं, तर मेलं माझी रास विचारायला लागलं! 'सावली' म्हटलं, तर छत्र्या! आणि तोवर इकडे अंगणात… सावली सरकली.

मग सापडलं एक पान, कुणा निवृत्त भूगोलाच्या मास्तरांचं. अहाहा! भिंतीवरची, विहिरीच्या काठावरची, खिशात मावणारी… एकावर शेवाळ, एकाच्या काट्यावर चिमणीच बसलेली, आता किती वाजले म्हणायचे? मी आपली बघतेय… किती जणांच्या दुपारी ह्या दगडांवरून हळूच निघून गेल्या असतील… चहा गार, भाजी करपली, आणि सावली? सरकली!

अगदी तळाशी मास्तर लिहितात, "दगड एकदा उत्तर दिशा धरून बसवावा, मग हलवू नये. सूर्य आपल्या घड्याळांप्रमाणे चालत नाही. वर्षभरात कधी पाव तास पुढे, कधी पाव तास मागे."

धावत जाऊन बाबांना वाचून दाखवलं. बाबा कितीतरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसले… सावली सरकली… मग म्हणाले, "म्हणजे बिघाड वरच्या घड्याळात?"

"हो बाबा."

"हाताचा दोष नाही?"

"मुळीच नाही!"

झालं! दगड उत्तरेला बसला, आणि बाबा खुर्चीवर चढले, थरथरत्या हातांनी, पण काय ती ऐट! घरातली झाडून सगळी घड्याळं दगडाप्रमाणे चौदा मिनिटं मागे! तेव्हापासून मी रोज ऑफिसात उशिरा. साहेब विचारतात, "आज काय झालं बाई?" आता काय सांगू? खाली मान घालते… चूक त्या सूर्याची, बोलणी मी खातेय!