वर्धेचं कोर्ट

आमचे देवरावकाका किती देशभक्त, ते मले कापसाच्या एका करारात दिसलं. कारंज्याहून ते ढाक्याच्या व्यापाऱ्याले गाठी पाठवणार होते. करारात लिहिलं होतं, भांडण झालंच तर इंग्लंडचा कायदा लागंन. काका भडकले. "इंग्रज गेले ना? मंग आपला कायदा लिव, अन् कोर्टबी वर्धेचंच."

मी एसटीडी-आयएसडी बूथवरून ढाक्याले तसं कळवलं. समोरचा लगेच तयार झाला. काका खुश.

काकू चहा देता देता म्हणाल्या, "बरं झालं. तुमच्या बाबांनी टाकलेल्या वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या केसची उद्या वर्धेच्या कोर्टात तारीख आहेच. त्याच वकिलाले हेबी सांगून येजा."

काकांनी कप खाली ठेवला. मले म्हणे, "बूथ बंद व्हायच्या आत जा. ढाक्यावाल्याले सांग, कायदा इंग्रजाचाच राहू दे."